सर जॉन लबक

पावसाळ्यात आंजर्ले गावातल्या एखाद्या वाडीत जा आणि पोफळीखाली पडलेली कुजकी विरी हळूच उलटून पाहा. ओल्या मातीवर तिळाहून लहान जीव टुणटुण उड्या मारताना दिसतील. त्या पिसवा नव्हेत. त्यांना स्प्रिंगटेल म्हणतात. त्यांच्या पोटाखाली बेचक्यासारखा एक अवयव दुमडलेला असतो. तो सुटून जमिनीवर आपटला की जीव हवेत उडतो. या जीवांना त्यांचे योग्य घराणे मिळवून देणारे शास्त्रज्ञ होते इंग्लंडचे सर जॉन लबक.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८३४ रोजी लंडन येथे झाला. वडील बँकेचे मालक व खगोलशास्त्रज्ञ होते. १८४२ मध्ये त्यांच्या घराजवळच्या डाउन गावी थोर शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन राहायला आले. आठ वर्षांच्या जॉनला असा शेजारी लाभला, हे केवढे भाग्य! डार्विन यांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्याला सूक्ष्मदर्शक, म्हणजे आपली खुर्दबीन, घेऊन दिली. पुढे बँकेच्या कामासाठी जॉनची शाळा लहान वयातच सुटली. तो महाविद्यालयात कधी गेला नाही. पण त्याचे शिकणे थांबले नाही.

त्या काळी प्राण्यांचे गट कसे पाडत, ते पाहा. १७५८ साली लिनियस या शास्त्रज्ञाने पंख नसलेल्या अनेक जीवांचा एकच गट केला होता. त्यात उवा, पिसवा, कोळी, विंचू, खेकडे आणि स्प्रिंगटेलही होते. पंख नाहीत, एवढ्यावरून खेकडा आणि ऊ भाऊबंद ठरतील का? पुढे हा मोठा गट मोडला. तरीही स्प्रिंगटेल जुन्या पुस्तकांत सापडणाऱ्या कसरीबरोबरच राहिले.

लबक यांनी काय नाही, यापेक्षा काय आहे, ते पाहिले. बँकेचे काम सांभाळून त्यांनी हे जीव सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. स्प्रिंगटेलच्या पोटाचे भाग जास्तीत जास्त सहा. कसरीचे त्याहून अधिक. पोटाखाली एक आखूड नळी असते, तीही कसरीला नसते. उडी मारण्याचे बेचके तर त्यांचे खासच. इतक्या खुणा वेगळ्या असल्यामुळे लबक यांनी त्यांचा स्वतंत्र गट केला. पोटावरच्या नळीवरून त्याला ‘कोलेंबोला’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील डिंक आणि खुंटी या अर्थांच्या शब्दांपासून ते बनले आहे. १८७३ साली या जीवांवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील सुंदर चित्रे काढणारे हॉलिक हे मूकबधिर होते.

त्यांचा निर्णय टिकला. पिसवेच्या पूर्वजांना पंख होते, ते पुढे नाहीसे झाले. स्प्रिंगटेलच्या वंशात मात्र पंख कधी नव्हतेच, असे शास्त्रज्ञ मानतात. दोघांनाही पंख नाहीत, पण कारणे निराळी! स्कॉटलंडमध्ये स्प्रिंगटेलचा सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म सापडला आहे. इतके हे घराणे जुने आहे. आज अनेक शास्त्रज्ञ त्यांना खऱ्या कीटकांतही धरत नाहीत.

लबक पार्लमेंटचे सभासदही होते. १८७१ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा झाला आणि कष्टकऱ्यांनाही विश्रांतीचे दिवस मिळाले. १८८२ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला, तोही त्यांच्याच खटपटीने. २८ मे १९१३ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, एखाद्याजवळ काय नाही, तेवढेच पाहून त्याची जागा ठरवली की चूक होते. लबक यांनी तिळाएवढ्या जीवालाही हा अन्याय होऊ दिला नाही. मग माणसाला पारखताना आपण किती काळजी घ्यायला हवी!