पदव्यांच्या मागचे अर्ज
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उच्च शिक्षणाची वाटचाल

आपल्या बहुतेक विहारांत तथागतांच्या मूर्तीजवळ परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर असते आणि तसबिरीखाली पदव्यांची ती लांबलचक ओळ असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अॅट-लॉ, एलएल.डी., डी.लिट. आपल्या वस्तीतली लहान पोरंसुद्धा ती ओळ घडाघडा म्हणून दाखवतात. शेवटच्या दोन पदव्या सन्मानाच्या. एलएल.डी. कोलंबिया विद्यापीठाने १९५२ साली दिली आणि डी.लिट. उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली. त्या सोडल्या तर बाकी प्रत्येक पदवीसाठी बाबासाहेबांना कुठे ना कुठे अर्ज करावा लागला, फी भरावी लागली, मुदत पाळावी लागली, कुणाची तरी शिफारस मिळवावी लागली. ही बाजू आपण फारशी सांगत नाही. आज आपल्या घरांतून पोरं-पोरी पदवीधर होतात आणि पुढचा फॉर्म भरण्याच्या जागी अडतात. म्हणून या स्मरणिकेत ती बाजू मांडावीशी वाटते.

बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाची एक नोंद आजही जपून ठेवलेली आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कूलच्या, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९१४ या क्रमांकावर चढलं. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यावेळी अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणं ही केवढी गोष्ट होती! चाळीत सत्काराची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र या मुलाला भेट दिलं. त्या एका पुस्तकाचं पुढे काय झालं, ते आपल्याला १९५६ सालच्या नागपुरात दिसलं.

केळुसकर गुरुजींचं काम मात्र पुस्तक देऊन संपलं नाही. भीमराव इंटर झाले आणि सुभेदारांच्या पेन्शनीत कॉलेजचा खर्च झेपेना. तेव्हा गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कानावर ही गोष्ट घातली, भेट घडवून आणली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गुरुजी ना नात्याचे, ना जातीचे. एका माणसाने शब्द टाकला आणि एका मुलाचं कॉलेज चालू राहिलं.

बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. घरात बायको, तान्हा यशवंत, भावांची कुटुंबं. अशा वेळी कुणीही म्हणालं असतं की झालं तेवढं शिक्षण पुरे, आता नोकरी सांभाळ. पण त्याच सुमारास बडोदे सरकार काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवणार होतं. भीमराव महाराजांना भेटले, अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सही झाली. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, अशी ती अट होती. या अटीचं ओझं पुढे किती वर्षं वाहावं लागणार होतं, हे त्या दिवशी कुणाला ठाऊक होतं!

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी बघितली की छाती दडपते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन एकेक. शिक्षकही कसे? अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई, मानववंशशास्त्राला अलेक्झांडर गोल्डनवायझर. मिळणाऱ्या शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, उरलेल्यात खायचं आणि त्यातूनही जुनी पुस्तकं विकत घ्यायची, असा तीन वर्षांचा संसार होता. वसतिगृहात त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. तो आयुष्यभर पुरला.

१९१५ साली एम.ए. झालं. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. तो पुढच्या वर्षी इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात छापून आला. पीएच.डी.च्या प्रबंधाचं कामही त्याच वर्षी झालं. पण त्या काळी कोलंबियाचा नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी पदरात पडत नसे. छपाईला पैसे कुठून आणायचे? ती पदवी तशीच लटकत राहिली. तिची हकीकत पुढे येईलच.

आता लंडन. १९१६ साली बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. सेलिग्मन यांनी तिथले प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिलं होतं. फी होती दहा पौंड दहा शिलिंग. मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, हॉबहाउस यांच्याकडे सामाजिक सिद्धांत, असा अभ्यास सुरू झाला. ११ नोव्हेंबर १९१६ रोजी बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला. एवढ्यात बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतण्याची पाळी आली.

इथे बाबासाहेबांनी जे केलं ते आपल्या विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावं. त्यांनी अभ्यास सोडून दिला नाही. लंडन विद्यापीठाकडे रीतसर परवानगी मागितली की मला रजा द्या, मी परत येऊन उरलेलं पुरं करीन. विद्यापीठाने चार वर्षांपर्यंत मुदत दिली. एका कागदाने दार उघडं राहिलं. रागाने किंवा निराशेने ते तसेच निघून आले असते, तर पुढे सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले. महायुद्ध चालू होतं. सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीने निघाली होती, ती बोट पाणतीराने बुडाली. जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले आणि त्याच पैशातून करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला गेले. बडोद्यात काय झालं ते आपण सगळे जाणतो. कोलंबियाच्या एम.ए.ला राहायला खोली मिळाली नाही. कचेरीत शिपाई लांबून कागद टाकत. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं. काही दिवसांतच ते मुंबईला परत आले.

मग हिशेब सुरू झाला. चार वर्षांची मुदत चालू होती, पैसा नव्हता. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दरमहा साडेचारशे रुपयांची नोकरी मिळाली. त्या काळी ही रक्कम मोठी. पण राहणी परळच्या चाळीतलीच राहिली. रमाईच्या हाती घरखर्चापुरते पैसे द्यायचे आणि बाकीचे लंडनसाठी शिल्लक टाकायचे, असा नियम होता. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. शिल्लक पुरेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेनाने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा बोटीत बसले.

लंडन स्कूलची फी तोवर अकरा पौंड अकरा शिलिंग झाली होती. फॉक्सवेल यांनी तेव्हा संस्थेच्या सचिव श्रीमती मेअर यांना कळवलं, त्याचा मतलब असा होता की या माणसाने डॉक्टरेटचं काम आधीच केलेलं आहे, आता आपल्याकडे त्याला जिंकायला काही उरलेलं नाही. असा मोठा विद्वान, पण त्याच्याही बाबतीत एप्रिल १९२१ मध्ये परीक्षेचा फॉर्म वेळेत पोहोचला नाही! मग श्रीमती मेअर यांनी विद्यापीठाला पत्र लिहून उशिरा फॉर्म घेण्याची परवानगी मिळवली. फॉर्म घेतला गेला आणि त्याच वर्षी एम.एस्सी. झालं. फॉर्म राहिला म्हणून वर्ष सोडून देणाऱ्या आपल्या मुलांनी हे वाचावं. चौकशी करावी, विनंती करावी, कचेरीतल्या माणसाशी नीट बोलावं. दरवेळी यश येईल असं नाही, पण विचारल्याशिवाय कळणार कसं?

१९२१ सालीच बाबासाहेबांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही प्रवेश घेतला. त्यासाठीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहिला होता. मात्र तिथे व्याख्यानांना हजर राहणं जमलं नाही आणि नाव पटावरून कमी झालं. म्हणजे केलेला प्रत्येक अर्ज पदवीपर्यंत गेला असं नव्हे. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले.

सर्वांत कठीण परीक्षा डी.एस्सी.ची. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध मार्च १९२३ मध्ये सादर झाला आणि परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही. पैसे संपत आलेले, एप्रिलमध्ये भारतात परतावं लागलं. मुंबईत बसून त्यांनी प्रबंध पुन्हा नीट केला, ऑगस्टमध्ये परत पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. लगेच लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने पुस्तक छापलं. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि आपले मतभेदही त्यात नोंदवले. हे पुस्तक बाबासाहेबांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीला वाहिलं.

आणि कोलंबियाची ती लटकलेली पीएच.डी.? ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा प्रबंध १९२५ साली छापून निघाला. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांच्या नावाची होती. प्रती विद्यापीठात पोहोचल्या आणि १९२७ साली पदवी रीतसर मिळाली. १९१३ साली धरलेली वाट १९२७ साली पुरी झाली. चौदा वर्षं! महाडचा सत्याग्रहही त्याच १९२७ सालचा.

या चौदा वर्षांतला एक वाटा कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेला नाही. तो माता रमाईचा. बाबासाहेब परदेशात असताना परळच्या चाळीत त्यांनी संसार कसा ओढला असेल, ते आपल्या आया-आज्या चांगलं समजू शकतात. पाच लेकरांपैकी एकटा यशवंत वाचला. ग्रंथालयातला प्रत्येक तास कुणीतरी घरी उपाशी राहून दिलेला होता. म्हणून आपल्या घरात मुलगा किंवा मुलगी शिकत असेल, तर तिच्यासाठी राबणाऱ्या बाईचाही मान राखावा.

शिष्यवृत्तीचं मोल ज्याने भोगलं त्याला ते विसरता येत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी सरकारकडे अनुसूचित जातींच्या शिक्षणाचा प्रश्न लावून धरला. तीन लाख रुपयांची तरतूद झाली, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, मुलं परदेशी शिकायला गेली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादेत कॉलेज, असा तो विस्तार झाला. पुढे केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू झाली आणि महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. योजना आहेत, अर्ज करणारे हवेत.

समाजबांधवांनो, बाबासाहेबांची बुद्धी असामान्य होती हे खरं. पण बुद्धीच्या जोडीला केळुसकर गुरुजींचा शब्द होता, सयाजीरावांचे आणि शाहू महाराजांचे पैसे होते, सेलिग्मन यांचं पत्र होतं, भथेनाचं कर्ज होतं, मेअरबाईंची विनंती होती, रमाईचे कष्ट होते. यातलं एखादं काम आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. जो शिकला आहे त्याने दुसऱ्याचा फॉर्म भरून द्यावा. ज्याची ओळख आहे त्याने शब्द टाकावा. ज्याच्याकडे चार पैसे आहेत त्याने एखाद्याची फी भरावी. रविवारी वंदना झाल्यावर विहारात तासभर दोन जाणती माणसं बसली, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, शेवटची तारीख एवढं जरी पोरांना समजावून दिलं, तरी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाइतकंच ते मोलाचं काम होईल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही; एक टेबल, दोन खुर्च्या आणि वेळेवर येणारी माणसं लागतात.