डॉ. एडवर्ड जेन्नर

देवीची साथ घरोघरची बालके ओढून नेई, अशा काळात १७४९ साली इंग्लंडमधील बर्कली येथे जेन्नर जन्मले. गाईच्या देवी येऊन गेलेल्या गवळणींना देवी येत नाहीत, हा लोकसमज त्यांनी कसोटीस लावला. १४ मे १७९६ रोजी माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलास, जेम्स फिप्स यास, त्यांनी गाईच्या देवीचा द्रव टोचला. जुलैत प्रत्यक्ष देवीचा द्रव टोचूनही मुलगा निरोगी राहिला. मात्र एवढा पुरावा अपुरा ठरून रॉयल सोसायटीकडून निबंध परत आला. जेन्नरांनी आणखी मुलांना टोचून १७९८ साली २३ वृत्तांत प्रसिद्ध केले. १८०२ साली ही लस मुंबईस पोहोचली. १८२३ मध्ये ते निवर्तले; १९८० साली जग देवीमुक्त घोषित झाले. एका यशावर विसंबता पुढचा पुरावा शोधणे, हाच त्यांचा खरा वारसा होय, एका यशावर विसंबणे नव्हे.