हजरत जुबैर (रजि.) आणि लोकांच्या ठेवी

हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आतेभाऊ आणि हयातीतच जन्नतची शुभवार्ता लाभलेल्या दहा सहाबांपैकी एक. रणांगणावरील त्यांच्या शौर्याची वर्णने सर्वपरिचित आहेत. पण लोक आपली रक्कम विश्वासाने त्यांच्याकडे ठेवीत, ही बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते.

हजरत अस्मा (रजि.) यांच्याशी विवाह झाला तेव्हा एक घोडा आणि पाणी वाहणारा उंट याखेरीज त्यांच्याजवळ काही नव्हते. अस्मा (रजि.) खजुराच्या बिया दूरच्या जमिनीवरून डोक्यावर वाहून आणीत. पुढे समृद्धी आली. तरीही त्यांनी कधी राज्यपालपद वा करवसुलीचे काम घेतले नाही.

कोणी रक्कम सांभाळायला आणली, की ते ती अमानत म्हणून घेण्यास नकार देत आणि कर्ज म्हणून स्वीकारीत. अमानत नष्ट होईल, ही भीती त्यांना वाटे. वरवर हा केवळ शब्दांचा फरक वाटतो. शरीअतच्या दृष्टीने तो मोठा आहे. अमानत सांभाळणाऱ्याने ती वापरायची नसते, आणि त्याच्या हलगर्जीशिवाय ती गेली तर भरपाईही द्यावी लागत नाही. कर्ज मात्र वापरता येते, पण काहीही घडले तरी पूर्ण फेडावे लागते. म्हणजे जुबैर (रजि.) यांनी सारी जोखीम स्वतःवर घेतली. ठेवणाऱ्याला मुद्दल परत मिळण्याची हमी मिळाली. मुद्दलाहून जास्त देण्याची अट मात्र असू शकत नव्हती. कर्जावरील अशी अट म्हणजेच व्याज.

बँकेत पैसे ठेवले म्हणजे ते तिजोरीत अमानत म्हणून पडून राहतात, असा समज आपल्या घरांतही आढळतो. वास्तविक कायद्याने बँक ही ठेवीदाराची ऋणकोच असते. इथपर्यंत तिचा व्यवहार जुबैर (रजि.) यांच्यासारखाच आहे. वाट फुटते ती पुढे: बचत वा मुदत ठेवीवर बँक त्या कर्जावर ठरावीक वाढ देण्याचे वचन देते.

इस्लामी बँका येथे दोन वेगळी खाती ठेवतात. चालू खाते सहसा कर्जाच्या तत्त्वावर असते: मुद्दलाची हमी, वाढीचे वचन नाही. गुंतवणूक खाते बहुधा मुदारबतवर चालते. त्यात भांडवल ग्राहकाचे व श्रम बँकेचे. नफ्याचे प्रमाण आधी ठरते, रक्कम नव्हे. तोटा झाल्यास तो भांडवलावर पडतो आणि बँकेचे श्रम वाया जातात. हलगर्जी वा करारभंग केला असेल तरच बँक जबाबदार. मलेशियाच्या २०१३ च्या कायद्याने मुद्दलाची हमी असलेली ठेव आणि हमी नसलेले गुंतवणूक खाते स्पष्टपणे वेगळे केले आहे. म्हणून मुदारबतचे नाव सांगून मुद्दलाचीही हमी आणि ठरलेल्या नफ्याचीही हमी देणारा कोणी भेटला, तर सावध व्हावे हेच शहाणपणाचे.

हमीचे ओझे किती जड असते, हे जुबैर (रजि.) यांच्या अखेरीवरून कळते. हिजरी ३६ (इ.स. ६५६) मध्ये जमलच्या युद्धाच्या दिवशी त्यांनी पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना जवळ बोलावले. आज आपण मारले जाऊ असे त्यांना वाटत होते, आणि सर्वांत मोठी चिंता होती कर्जाची. मालमत्ता विकून ते फेडावे आणि अडचण आल्यास अल्लाहकडे मदत मागावी, अशी वसीयत त्यांनी केली. युद्धभूमी सोडून परतताना बसऱ्याजवळ ते मारले गेले. मागे रोकड नव्हती. जमिनी आणि घरे होती. देणे निघाले २२ लाख दिरहम.

हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी विचारपूस केली तेव्हा अब्दुल्लाह (रजि.) यांनी संकोचाने एकच लाख सांगितले, नंतर खरा आकडा उघड केला. मदीनेजवळची गाबाची जमीन जुबैर (रजि.) यांनी १ लाख ७० हजारांना घेतली होती, ती १६ लाखांना गेली. एका धनकोचे ४ लाख होते. त्याने ते माफ करण्याची तयारी दाखवली, मग मुदतही देऊ केली, अब्दुल्लाह (रजि.) यांनी दोन्ही नाकारून त्याला जमिनीचा तुकडा दिला.

कर्ज फिटताच भावंडांनी वारसाहक्काची वाटणी मागितली. अब्दुल्लाह (रजि.) यांनी ती रोखून धरली. चार वर्षे हजच्या हंगामात ते जाहीर करीत राहिले, की जुबैरकडे ज्याचे येणे असेल त्याने येऊन घेऊन जावे. त्यानंतरच वसीयतीचा तिसरा हिस्सा बाजूला काढून वाटणी झाली, आणि चारही पत्नींना प्रत्येकी १२ लाख दिरहम मिळाले.