विश्लेषण : बाबा आमटे यांना बसता का येत नव्हते? कुष्ठरोगात चाल का बिघडते?

नागपूरहून चंद्रपूरच्या दिशेने निघाले की साधारण शंभर किलोमीटरवर वरोरा लागते. तिथले आनंदवन उभे करणारे बाबा आमटे आयुष्याच्या उत्तरार्धात उभे राहू शकत, चालू शकत, आडवे होऊ शकत. पण बसू शकत नसत. आणि ज्यांच्यासाठी ते झटले, त्या कुष्ठरुग्णांपैकी अनेकांपुढे चालण्याचाच प्रश्न होता.

वकील कुष्ठसेवेकडे कसा वळला?

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटच्या जमीनदार घराण्यात झाला. नागपुरात शिकून ते वकील झाले आणि वरोऱ्यात वकिली करू लागले. रस्त्याकडेला मरणपंथाला लागलेला तुळशीराम हा कुष्ठरुग्ण दिसला, तेव्हा ते घाबरून निघून गेले. आपण घाबरलो, हेच त्यांना सलत राहिले. ते परतले आणि त्यांनी तुळशीरामची शुश्रूषा केली. पुढे कोलकात्यात कुष्ठरोगावरील प्रशिक्षण घेऊन १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. सुरुवातीला सोबत होते पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये.

कुष्ठरोगात चाल का बिघडते?

कुष्ठरोगाचे जंतू त्वचेबरोबर नसांवरही हल्ला करतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, एक नस हाडाला अगदी लागून जाते. ती निकामी झाली की पाऊल वर उचलता येत नाही, ते लुळे पडते. मग बोटे जमिनीला घासू नयेत म्हणून रुग्ण गुडघा जास्त उंच उचलतो आणि पाऊल आपटत चालतो.

दुसरी अडचण दिसत नाही, पण ती जास्त घातक. तळव्याची संवेदना जाते. आपल्याला खडा टोचला की आपण लंगडतो, म्हणजेच त्या जागेवरचा भार कमी करतो. रुग्णाला वेदनाच होत नसल्याने तो त्याच जखमेवर भार देत चालत राहतो. जखम हाडापर्यंत जाते.

फिजिओथेरपी काय करते?

औषध जंतू मारते, पण पूर्ण मेलेली नस परत आणत नाही. तिथून पुढचे काम व्यायामाचे.

- पोटरीचा ताण : लुळे पाऊल खाली झुकून तसेच आखडू नये म्हणून पोटरी रोज ताणायची.
- आधार : पट्टा किंवा स्प्लिंट लावून पाऊल उचललेले ठेवायचे.
- पादत्राणे : मऊ रबराच्या, एमसीआर चपला वापरायच्या आणि रोज तळवा डोळ्यांनी तपासायचा.
- शस्त्रक्रियेनंतर : पाऊल आत वळवणारा स्नायू पावलाच्या वरच्या बाजूला जोडतात. आता त्याच स्नायूने पाऊल उचलायचे असते. हे नवे काम त्याला सरावानेच शिकवावे लागते.

बाबांना काय झाले होते?

त्यांना मणक्यांची झीज, म्हणजे स्पाँडिलोसिस होता. मणक्यांमधल्या चकत्या झिजल्या की नसांवर दाब येऊ शकतो. हा दाब मानेतल्या मज्जारज्जूवर आला तर पाय ताठरतात, तोल जातो. म्हणूनच चाल बिघडली की फिजिओथेरपिस्ट फक्त पाय पाहत नाही. मान, कंबर आणि कोणत्या स्थितीत त्रास वाढतो, हेही पाहतो. बाबांना बसणे जमत नव्हते. त्यामुळे त्यांचा दिवस उभे राहणे, चालणे आणि पडून राहणे यांत विभागलेला असे.

तरीही देशभर कसे फिरले?

डिसेंबर १९८५ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली. तरुण सायकलवर होते आणि बाबा वाहनात पलंगावर आडवे. १९८८ मध्ये अरुणाचल ते गुजरात ही दुसरी यात्रा झाली. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदाकाठच्या कसरावदला राहायला गेले. आडवे राहून प्रवास करावा लागतो म्हणून त्यांनी प्रवास टाळला नाही आणि चालता येते तोवर चालणेही सोडले नाही.

आज याचा काय संबंध?

पूर्व विदर्भात आजही कुष्ठरोगाचे नवे रुग्ण सापडतात. त्वचेवर बधिर चट्टा दिसला, चप्पल नकळत पायातून निसटू लागली किंवा पाऊल उचलणे जड झाले, तर लगेच सरकारी आरोग्य केंद्र गाठावे. बहुविध औषधोपचार तिथे मोफत आहेत. नस नुकतीच अधू झाली असेल, तर वेळेत उपचार केल्यास ती वाचू शकते. उशीर झाला, तर व्यायाम, पट्टा आणि चप्पल आयुष्यभर सांभाळावी लागते.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन न करता आनंदवनाच्याच मातीत दफन करण्यात आले.