मुष्टियोद्धा मॅक्स श्मेलिंग

मुष्टियोद्ध्याचे सारे बळ त्याच्या बाहूंत असते, असा आमचा समज होता. जर्मनीचा जगज्जेता मॅक्स श्मेलिंग याचे चरित्र वाचले आणि तो समज आम्हांला बदलावा लागला.

श्मेलिंगचा जन्म २८ सप्टेंबर १९०५ रोजी झाला. वडील नाविक असल्यामुळे त्याचे बालपण हॅम्बुर्ग बंदरात गेले. १९२४ साली तो व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. १९३० साली न्यूयॉर्क येथे प्रतिस्पर्धी शार्कीने त्याला कमरेखाली ठोसा लगावला. तो नियमबाह्य ठरला आणि श्मेलिंगला हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद मिळाले. जमिनीवर पडून मिळालेल्या या पदाची लोकांनी थट्टा केली. दोन वर्षांनी ते पदही गेले.

पुढे त्याची गाठ जो लुई या अमेरिकन कृष्णवर्णीय वीराशी पडली. लुई तोवर एकही व्यावसायिक लढत हरला नव्हता. श्मेलिंगने लुईच्या लढतींचे चित्रपट पुनःपुन्हा पाहिले. डावा ठोसा मारल्यावर लुई हात खाली आणतो व त्याचा चेहरा क्षणभर उघडा पडतो, हे त्याने हेरले. १९ जून १९३६ रोजी, तिशी ओलांडलेल्या श्मेलिंगने त्या एका क्षणाची वाट पाहत लुईला बाराव्या फेरीत धूळ चारली.

जर्मनीत तेव्हा हिटलरची सत्ता होती. हा विजय आपल्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा आहे, असा डांगोरा राज्यकर्त्यांनी पिटला. हिटलरच्या भोजनाचे निमंत्रण श्मेलिंगने स्वीकारले, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु तो नाझी पक्षाचा सभासद झाला नाही. आणि आपला ज्यू व्यवस्थापक जो जेकब्स याला दूर करण्याची राज्यकर्त्यांची मागणीही त्याने मानली नाही.

२२ जून १९३८ रोजी लुईशी दुसरी लढत झाली. अमेरिकन प्रेक्षकांनी त्याला हिटलरचा माणूस समजून त्याच्या अंगावर वस्तू फेकल्या. लुईने त्याला १२४ सेकंदांत पराभूत केले. पाठीच्या मणक्याला इजा होऊन तो रुग्णालयात पडला. कालपर्यंत त्याचा उदोउदो करणाऱ्या राज्यकर्त्यांनी आता त्याच्याकडे पाठ फिरवली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये ज्यूंची घरे व दुकाने फोडली जात होती. लेविन नावाच्या एका ज्यू मित्राच्या दोन किशोरवयीन मुलांना श्मेलिंगने आपल्या हॉटेलच्या खोलीत लपविले. आपण आजारी आहोत, कोणालाही वर पाठवू नये, असे त्याने व्यवस्थापकांस कळविले. हे उघडकीस आले असते, तर त्याच्यावर कोणता प्रसंग ओढवला असता, याची कल्पनाही भयंकर आहे. ती मुले वाचली व पुढे अमेरिकेत पोहोचली.

युद्धात श्मेलिंगला सैन्यात जावे लागले. १९४१ साली क्रीट बेटावर तो छत्रीधारी सैनिक म्हणून उतरला व जखमी झाला. युद्धानंतर चाळिशी उलटलेल्या या वीराला पैशांसाठी पुन्हा रिंगणात उतरावे लागले. पुढे व्यापारात त्याचा जम बसला. अमेरिकेत जाऊन त्याने लुईची भेट घेतली आणि दोघे जन्माचे मित्र झाले. २ फेब्रुवारी २००५ रोजी, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्या मुलांची हकीगत श्मेलिंगने स्वतः कधी सांगत फिरून मिरविली नाही. तब्बल पन्नास वर्षांनी, १९८९ साली, त्यांच्यापैकीच एकाने ती जाहीरपणे सांगितली. लुईवरील विजयाचे साक्षी हजारो होते; हॉटेलच्या खोलीतील लढतीला एकही प्रेक्षक नव्हता. त्या दोन लढतींत मोठी कोणती, हे आम्ही वाचकांच्याच विचारावर सोपवितो.