पात्यांवाचून फिरणारे चक्र

निकोला टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी, आजच्या क्रोएशिया देशातील स्मिल्यान या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. आईला शालेय शिक्षण लाभले नव्हते. परंतु घरात लागणारी लहानमोठी अवजारे ती स्वतः बनवीत असे. कल्पकतेचे बाळकडू निकोलाला तिच्याकडूनच मिळाले.

लहानपणी निकोलाने झाडाच्या खोडाची एक गोल चकती घेतली, मध्यभागी भोक पाडून त्यात फांदीचा आस बसविला आणि ते चाक ओढ्याच्या प्रवाहात धरले. पाणचक्कीला पाती लागतात, हे त्या बालकाला ठाऊक नव्हते. तरीही ते चाक फिरू लागले! ही गोष्ट तो जन्मभर विसरला नाही.

पुढे १८८४ साली टेस्ला अमेरिकेत गेले. प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या मोटारीचा त्यांनी लावलेला शोध १८८८ मध्ये जगापुढे आला. १८९६ साली नायगरा धबधब्याची वीज बफेलो शहरास मिळू लागली, ती त्यांच्याच पद्धतीने. आज वसई-विरारच्या लोकलगाड्यांना तारांतून मिळणारी वीजही प्रत्यावर्तीच असते.

एवढी कीर्ती लाभूनही टेस्लांचे मन त्या ओढ्यातील चाकाकडे वळले. त्यांनी अनेक गुळगुळीत तबकड्या थोडे थोडे अंतर ठेवून एका आसावर बसविल्या. कडेने आत सोडलेली वाफ तबकड्यांमधून चक्राकार फिरत मध्याकडे जाई व तेथील छिद्रांवाटे बाहेर पडे. वाहता पदार्थ तबकडीच्या पृष्ठभागाला किंचित चिकटतो व तिला आपल्याबरोबर ओढतो. या साध्या तत्त्वावर ते यंत्र चाले. सुमारे ४६ सेंटीमीटर व्यासाच्या तबकड्यांच्या यंत्राने २०० अश्वशक्ती दिली. १९१३ साली त्याचे पेटंट मिळाले.

परंतु यश हुलकावणी देऊन गेले. प्रचंड वेगामुळे पातळ तबकड्या वाकत. त्या काळच्या धातूंना तो ताण सोसवेना. मोठ्या यंत्राची कार्यक्षमताही अपेक्षेइतकी भरेना. कारखानदारांनी पाठ फिरविली. टेस्लांजवळचा पैसा सरला. तरी त्यांनी संशोधन सोडले नाही. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलीत, एकाकी अवस्थेत त्यांचे निधन झाले.

१९६० साली चुंबकीय क्षेत्राच्या एककास त्यांचे नाव देण्यात आले. घट्ट व गाळमिश्रित द्रव उपसण्यासाठी तबकड्यांचे पंप आज वापरात आहेत. हौशी कारागीर तर संगणकातील निकामी तबकड्या, मध्ये वॉशर घालून, आसावर ओवतात आणि हवेच्या झोतावर फिरणारे छोटे टर्बाइन घरीच तयार करतात. वीजकेंद्रांनी नाकारलेले ते चक्र जिज्ञासूंच्या हातांत अजूनही फिरत आहे. बालपणी पडलेला एखादा प्रश्न निष्ठेने जपला, तर त्याचे मोल केवळ यशापयशाने ठरत नाही, हेच टेस्लांच्या जीवनावरून दिसून येते.