समुद्रातला किरणोत्सार मोजणाऱ्या कात्सुको सारुहाशी

फुकुशिमा अणुप्रकल्पात साठवलेलं, प्रक्रिया केलेलं पाणी जपानने २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडायला सुरुवात केली. त्याच दिवशी चीनने जपानी मासळीची आयात बंद केली. एक बाजू म्हणत होती काही धोका नाही, दुसरी म्हणत होती समुद्र नासला. आपल्यासारख्याने विश्वास कुणावर ठेवायचा? मला पटलेलं उत्तर एका जपानी रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या आयुष्यात आहे. त्यांचं नाव कात्सुको सारुहाशी.

विमा कंपनीतून प्रयोगशाळेत

सारुहाशींचा जन्म २२ मार्च १९२० चा, टोकियोतला. शाळेत असताना खिडकीच्या काचेवरून ओघळणारे थेंब बघून त्यांना प्रश्न पडायचा, पाऊस पडतो तरी कसा? शिक्षण झाल्यावर त्या विमा कंपनीत लागल्या, पण मन रमेना. एकविसाव्या वर्षी नोकरी सोडून त्यांनी मुलींच्या विज्ञान महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९४३ मध्ये पदवी मिळाली आणि त्या हवामान खात्याच्या संशोधन संस्थेत यासुओ मियाके यांच्या हाताखाली काम करू लागल्या.

पहिलं मोठं काम होतं समुद्राच्या पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचं. तापमान, पीएच आणि क्लोराइडचं प्रमाण माहीत असेल, तर पाण्यात कार्बोनिक आम्लाची कोणती रूपं किती आहेत हे सांगणारा तक्ता त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. आम्ही प्रोग्रामर ज्याला लुकअप टेबल म्हणतो, तेच हे. गणित आधीच करून ठेवलेलं, तुम्ही फक्त आकडा शोधायचा. संगणक हाताशी येईपर्यंत समुद्रशास्त्रज्ञ हा तक्ता वापरत होते.

बिकिनीचा बॉम्ब आणि टोकियोचा मासळीबाजार

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर १५ मेगाटनांच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अपेक्षेपेक्षा दुपटीहून मोठा निघाला. दूरवर टूना पकडणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी बोटीवर पांढरी राख पडली आणि बोटीवरचे २३ जण आजारी पडले. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला वारले.

जपानमध्ये घबराट पसरली. बंदरावर माशांना गायगर काउंटर लावले जाऊ लागले, टनावारी टूना फेकून द्यावा लागला. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी अणुचाचण्यांविरुद्ध सह्या गोळा करायला घेतल्या. १९५५ पर्यंत देशभरातून ३ कोटींहून जास्त सह्या झाल्या. पण समुद्रात नेमकं किती मिसळलंय? पाऊस आणि समुद्राचं पाणी तपासायचं काम सरकारने मियाके आणि सारुहाशींच्या प्रयोगशाळेकडे दिलं.

सिझियम-१३७ का मोजायचं?

अणुस्फोटातून बाहेर पडणाऱ्या घटकांपैकी हा एक महत्त्वाचा. याचं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. रासायनिक वागणूक पोटॅशियमसारखी, त्यामुळे शरीर ते सहज आत घेतं. समुद्रात ते विरघळतं आणि पाण्याबरोबर वाहत जातं. अडचण अशी की त्याचं प्रमाण अतिशय कमी असतं. भरपूर पाण्यातून ते रासायनिक पद्धतीने वेगळं काढायचं आणि मगच मोजायचं. हात जरा चुकला की आकडा चुकला.

तेव्हा अनेकांचा समज होता की समुद्र एवढा अफाट, त्यात सगळं विरून जाईल. सारुहाशींच्या मोजमापांनुसार जपानजवळच्या पाण्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापेक्षा कितीतरी पट जास्त सिझियम होतं. अमेरिकी शास्त्रज्ञांना शंका आली की यांची पद्धतच चुकीची असणार.

सामना एकाच पाण्यावर

१९६२ मध्ये सारुहाशी कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत गेल्या. तिथे थिओडोर फॉल्सम यांच्याशी तुलना होती. एकाच पाण्याचे नमुने दोघांनी आपापल्या पद्धतीने तपासायचे. सारुहाशींना कामाला जागा मिळाली एका लाकडी खोपटात. सहा महिन्यांनी आकडे जुळले. त्यांची पद्धत अचूक आहे हे फॉल्सम यांनी मान्य केलं.

मग फरक कशामुळे? सागरी प्रवाहांमुळे. उत्तर पॅसिफिकमधलं पाणी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. बिकिनीजवळचं पाणी विषुववृत्तीय प्रवाहातून पश्चिमेला जातं आणि कुरोशिओ प्रवाहातून जपानकडे वर चढतं. अमेरिकेचा किनारा त्यानंतर येतो. म्हणजे समुद्र सगळीकडे सारखा ढवळला जात नाही.

१९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटनने हवेतल्या, अवकाशातल्या आणि पाण्याखालच्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार केला. त्याला अनेक कारणं होती. समुद्रातून आलेले असे आकडे त्या वादात हाताशी होते, एवढं मात्र खरं.

पुढे

सारुहाशी १९५७ मध्ये टोकियो विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, तर १९८० मध्ये जपानच्या विज्ञान परिषदेवर निवडून आलेल्या पहिल्या महिला. १९८१ पासून महिला शास्त्रज्ञांना ‘सारुहाशी पुरस्कार’ दिला जातो. २९ सप्टेंबर २००७ रोजी त्यांचं निधन झालं.

फुकुशिमाच्या पाण्याबाबत आज आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था हेच करते. तेच नमुने वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांना वाटून आकडे जुळतात का ते बघते. या पाण्यात गाळूनही उरतं ते मुख्यतः ट्रिटियम, म्हणून सोडण्याआधी ते लिटरमागे १,५०० बेकरेलच्या खाली येईल इतकं पातळ करतात.

तेव्हा पुढच्या वेळी घाबरवणारा किंवा निर्धास्त करणारा मेसेज आला, तर चार गोष्टी विचारा. कोणता घटक? किती बेकरेल? कुठल्या पाण्यात? आणि ज्याला हे पटत नव्हतं, त्यानेही मोजून बघितलंय का? सारुहाशींनी चौथ्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी पॅसिफिक ओलांडला होता.